गड्या

नथानेल, बुधवारच्या प्रार्थनासभेत
तू डोळे मिटलेस
आणि माझा मुलगा सगळ्यांसमोर ठेवलास.
नाव घेऊन. गुजरातीत.
‘रूबेन माटे प्रार्थना करजो.’
करजण रस्त्यावरचं ते केंद्र, किती दिवस झाले, कशाचं व्यसन,
काही गाळलं नाहीस.
आमेन म्हणताना तुझा आवाज खरोखर भरून आला होता.

मी तुला ते मराठीत सांगितलं होतं.
फतेहगंजात, सेव-उसळच्या गाड्यावर,
एकाच ताटलीत आपण पाव बुडवत होतो,
तर्रीने तुझी बोटं लाल, माझीही.
मी म्हणालो, शारजाची नोकरी वगैरे काही नाही रे.
तुझा पाव हातातच राहिला,
रस्सा शर्टावर ठिबकत होता, तुला कळलंही नाही,
आणि मला वाटलं, सांगितलं ते बरं केलं.

या बडोद्यात आपली भाषा म्हणजे
दोघांपुरती एक खोली.
बाहेर बाजार गुजराती, शेजार गुजराती, देवळातली गीतंसुद्धा.
त्या खोलीत मी ते ठेवलं होतं
कडी न लावता.

दुसऱ्या दिवशी डोरकासबेनकडून डबाभर खमण आलं.
डबा अजून आमच्याकडेच आहे.
करुणा तीन रविवार घराबाहेर पडली नाही.

ती रात्र मी चाळीस वर्षं ऐकतोय
दर उत्तम शुक्रवारी.
ताटात हात घालणारा, मुका घेणारा, तीस नाणी.
नाणी असली की सोपं असतं, मोजता येतात.
तुझ्या खिशात तर एक रुपयाही आला नाही.
मी कशाचा हिशेब मांडू?

या वर्षी मी टाचेपाशी अडलो.
जेवता जेवता प्रभू उठला
आणि बाराजणांचे पाय धुतले. अकरांचे नाही.
परात सरकवत तो त्या एकापुढेही बसला असेल,
टाचेच्या भेगांतली धूळ अंगठ्याने काढली असेल,
थोड्या वेळाने हीच टाच दाराकडे वळणार
हे ठाऊक असून.
मला हे जमत नाही, नथानेल.
खरं सांगायचं तर समजतही नाही.

आणि मग बागेत, मशाली आल्यावर,
आपल्या मराठी शास्त्रात तो त्याला म्हणतो, गड्या.
आट्यापाट्यांतला शब्द.
प्रतापनगरच्या रेल्वे कॉलनीत डाव पाडताना
मी हडकुळा, कुणाला नको असलेला,
आणि तू ओरडायचास, हा माझा गडी.

काल संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर उभा होतो.
खाली चिखलात मगर पडलेली, ओंडक्यासारखी,
दोन पोरं तिला खडे मारत होती, ती हलत नव्हती.
तिथे काही कारण नसताना मेबल आठवली.
तिचा नवरा निघून गेल्याचं
गेल्या वर्षी एकट्या मला ठाऊक होतं.
आणि मी डोळे मिटून, हात वर करून,
‘आमची बहीण मेबल...’
प्रार्थना छान झाली, असं बाहेर चपला घालताना तूच म्हणालास.
मेबल तेव्हापासून मागच्या बाकावर बसते.

त्या मेजाभोवती एकेकाने विचारलं होतं,
मी तर नाही ना?
मी विचारलंच नाही.
मी सरळ प्रभूच्याच जागेवर जाऊन बसलो होतो,
इतके आठवडे,
जखमा दाखवत.

उद्या प्रभुभोजनाचा रविवार.
क्षमा झाली का, माहीत नाही.
सकाळी दाढी करताना तुझ्यासाठी तो शब्द म्हणून पाहिला,
अर्धाच निघाला, फेस तोंडात गेला.
आधी मला मागच्या बाकाकडे जायचंय,
तिथे किती वेळ लागेल सांगता येत नाही.
त्यानंतर गाड्यावर असेन.
ताटली एक घ्यायची की दोन, ते तिथे बघू.
शर्ट जुना घालून ये.